आमचे ग्रंथकार व अनुक्रमणिका

ग्रंथाची परीक्षा करावयास बसलेले आमचे टीकाकार त्याची भाषा पाहतात, विषय पाहतात, ग्रंथकाराचा अधिकार पाहतात, आणि अलीकडे तर मुखपृष्ठावरील चित्राविषयींहि चार शब्द लिहितात. परंतु मुखपृष्ठ आणि मजकूर यांच्यामध्यें जीं दोन-चार पानें असतात, त्यांकडे मात्र कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. या पानांवर अनुक्रमणिका असते. ग्रंथांतील जी वस्तु वाचकाच्या दृष्टीस आधीं पडावयाची ती हीच. आणि आमच्या मराठी ग्रंथांत, विशेषतः विद्यापीठांस सादर होणाऱ्या प्रबंधांत, सर्वांत अधिक हयगयीनें तयार होणारी वस्तुहि हीच. या हयगयीबद्दल आज आम्हांस कांहीं स्पष्ट बोलावयाचें आहे. विषय क्षुद्र आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं हा लेख शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट घ्यावे. क्षुद्र काय व थोर काय याचा निवाडा मग त्यांच्यावरच सोंपविण्यास आम्ही तयार आहों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आमचें कोल्हापूर हें ग्रंथांस परकें असलेलें गांव नव्हे. येथील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं ‘ग्रंथमाला’ हें मासिक येथूनच १८९४ सालीं सुरू केलें. भाऊसाहेब खांडेकरांनीं आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध याच नगरांत घालविला. आणि १९६२ सालीं येथें शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यापासून कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील विद्यार्थी आपले प्रबंध घेऊन याच गांवीं येतात. प्रबंध लिहिण्यांत कोणाचीं चार वर्षें जातात, कोणाचीं सहा. पण त्या प्रबंधाची अनुक्रमणिका केव्हां तयार होते? सादर करण्याच्या आदल्या रात्रीं, टंकलेखनाच्या दुकानांत, बांधणीवाला दारांत उभा असतांना! दुकानांतील मुलगा प्रकरणाचें नांव लिहितो, मग एका कळीवर बोट ठेवून टिंबांची रांग काढीत सुटतो, रांग पुरेशी लांब झाली असें वाटलें कीं पृष्ठांक टाकतो आणि पुढच्या ओळीस लागतो. एक ओळ समासाच्या बाहेर जाते, दुसरी आंतच थांबते. पृष्ठांक एकाखालीं एक न येतां पावसानें झोडपलेल्या जोंधळ्यासारखे वाटेल तिकडे झुकतात.

एवढ्यावरच भागलें असतें तर आम्ही त्यास डोळ्यांस न रुचणारी गोष्ट म्हणून सोडून दिलें असतें. परंतु त्याच रात्रीं मार्गदर्शकांचा निरोप येतो कीं तिसऱ्या प्रकरणांत आणखी दोन परिच्छेद घाला. परिच्छेद घातले जातात, त्यापुढील सर्व पृष्ठें एकेक घर पुढें सरकतात, आणि हातानें केलेली अनुक्रमणिका मात्र आहे तेथेंच राहते. परिणाम असा होतो कीं, अनुक्रमणिकेंत ज्या पृष्ठावर ‘निष्कर्ष’ असल्याचें सांगितलें असतें तें पृष्ठ उघडावें तर तेथें अद्याप आधींच्या प्रकरणांतील वादच चाललेला असतो. आमच्या बाजारांत गुळाच्या रव्यावर एक वजन लिहिलेलें असलें व काट्यावर दुसरें भरलें, तर व्यापारी तो रवा तत्काळ बाजूस काढील. विद्येच्या बाजारांत मात्र असा माल तपासला जातो, स्वीकारला जातो, आणि त्यावर पदवीहि मिळते!

याहून चमत्कारिक प्रकार निराळाच आहे. कोणी थोडें ऐकून, थोडें विचारून यंत्राकडून अनुक्रमणिका करून घेतो. पुढें मजकुरांत फेरबदल करतांना मूळ मथळाच खोडतो अथवा नव्यानें टंकतो. आणि शेवटीं कागदावर पृष्ठांकाच्या जागीं ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ असें इंग्रजी वाक्य उमटतें. यंत्र बिचारें प्रामाणिकपणें सांगत असतें कीं, तुम्हीं जी खूण दाखविलीत ती आतां जागेवर नाहीं. तें वाक्य छापून, बांधून, कापडी पुठ्ठा घालून, त्यावर सोनेरी अक्षरांत नांव घातलेले ग्रंथ आम्हीं पाहिले आहेत. ज्या लेखकानें आपली अनुक्रमणिका एकदां जरी वाचली असती त्याच्या ग्रंथांत हें वाक्य राहिलें असतें काय? तेव्हां ती त्यानें वाचली नाहीं हें उघड आहे. आणि परीक्षकांनींहि वाचली नाहीं हें त्याहून उघड आहे.

आतां कोणी म्हणेल कीं हा यंत्राचा घोळ आहे, लेखकाचा त्यांत काय दोष? या समजुतीचें मूळ कोठें आहे तें आम्ही दाखवितों. जुन्या टंकलेखन-यंत्रावर बहुतेक प्रत्येक ठोक्यास कागदाची गाडी सारखीच सरकत असे. तेथें टिंबें मोजून पृष्ठांक एका रेषेंत आणतां येत, आणि कुशल टंकलेखक तें काम इतक्या सफाईनें करी कीं पाहणाऱ्यानें कौतुक करावें. संगणकावर तसें नाहीं. येथें प्रत्येक अक्षराची रुंदी निराळी. ‘क्ष’ला जितकी जागा लागते तितकी ‘र’ला लागत नाहीं, आणि टिंबाला तर त्याहून कमी. म्हणून येथें कितीहि मोजलें तरी ओळी जुळणार नाहींत. टंकलेखन-यंत्र गेलें, पण त्याच्यासाठीं लागलेली बोटांची संवय गेली नाहीं. बैलगाडी विकून मोटार घेतलेल्या मनुष्यानें मोटारीपुढें वैरण टाकावी, त्यांतलाच हा प्रकार!

संगणकावरील ‘वर्ड’ काय, किंवा फुकट मिळणारें ‘लिबरऑफिस रायटर’ काय, दोहोंतहि या कामाची रीति एकच आहे आणि ती समजावयास एका तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. प्रकरणाचें नांव नुसतें ठळक व मोठें करावयाचें नाहीं. तें ‘हेडिंग १’ या वर्गाचें आहे असें यंत्रास सांगावयाचें. त्याच्या पोटांतील मथळा ‘हेडिंग २’, त्याच्याहि पोटांतील ‘हेडिंग ३’. एवढें केलें कीं अनुक्रमणिका घालण्याची आज्ञा होतांच यंत्र सर्व मथळे स्वतः गोळा करितें, त्यांचे पृष्ठांक स्वतः लावितें, उजव्या समासाशीं बांधलेल्या एका टॅबच्या आधारानें टिंबांची रांगहि स्वतः भरितें. मजकूर वाढला, घटला, प्रकरणें मागें-पुढें झालीं, तर अनुक्रमणिका ताजी करण्याची एक आज्ञा द्यावयाची. संबंध यादी नव्यानें जुळून येते. प्रस्तावनेच्या पानांस निराळे अंक हवे असतील तर तेथें ग्रंथाचा विभाग तोडण्याचीहि सोय आहे. या सर्वांत लेखकाकडे एकच काम उरतें, आणि तें म्हणजे कोणता मथळा कोणाच्या पोटांत जातो हें ठरविणें. दुर्दैवानें आमचे ग्रंथकार चुकवूं पाहतात तें नेमकें हेंच काम.

‘लेखकानें लिहावें, मांडणी टंकलेखकानें करावी’ असें एक सूत्र आमच्या विद्वानांच्या तोंडीं नेहमीं असतें. हें सूत्र दिसावयास सोज्ज्वळ आहे, पण आंतून पोकळ आहे. समासाची रुंदी किती, अक्षर केवढें, कागद कोणता, हें टंकलेखकानें ठरविलें तर आमची तक्रार नाहीं. परंतु ‘शाहू छत्रपतींचें शिक्षणविषयक धोरण’ या मथळ्याखालीं ‘वसतिगृहें’ हा पोटमथळा यावा, कीं ‘वसतिगृहें’ हें स्वतंत्र प्रकरण असावें, हें टंकलेखकानें कसें ठरवावें? तो विचाराचा प्रश्न आहे, सजावटीचा नव्हे. मथळ्यांची पायरी ठरविणें म्हणजे आपल्या विषयांत मुख्य काय, गौण काय, कशावरून काय निघतें, हें ठरविणें होय. ज्यास तें सांगतां येत नाहीं, त्यानें तीनशें पृष्ठें लिहिलीं असतील, परंतु ग्रंथ लिहिला असें म्हणतां येणार नाहीं. अनेक प्रबंधांची अनुक्रमणिका यंत्राकडून करून घ्यावयास गेलें तर जी विटंबना होते तिचें कारणहि हेंच: चौथ्या प्रकरणांत एकच पोटमथळा, पांचव्यांत एकवीस, सहाव्यांत एकहि नाहीं. यंत्र तें सर्व निर्विकारपणें एका पानावर मांडून दाखवितें. हातानें केलेल्या यादींत जें झांकतां येतें तें येथें झांकतां येत नाहीं, आणि यंत्राविषयींच्या अप्रीतीचें एक कारण तरी हें असावें अशी आम्हांस शंका आहे.

दुसरा आक्षेप वृद्ध व आदरणीय मंडळींचा आहे. ते म्हणतात कीं यंत्रानें अशीं कामें करून दिलीं म्हणजे विद्यार्थी आळशी होतात. कष्टाविषयीं आम्हांसहि आदर आहे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि तयार केली व ती १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. त्या कामामागील तपश्चर्येपुढें कोणीहि मस्तक नमवावें. पण त्या तपश्चर्येचें सार कशांत होतें? ग्रंथ शोधण्यांत, पारखण्यांत, वर्गवारी लावण्यांत. एका कळीवर बोट ठेवून चारशें टिंबें काढणें ही तपश्चर्या नव्हे, हा केवळ बोटांचा शीण आहे. यंत्र मोजण्याचें काम आपल्याकडे घेतें. विचार करण्याचें काम तें लेखकाकडेच ठेवतें. मग आळशी कोण? चार वर्षांत एक तास काढून ही रीति शिकणारा, कीं न शिकतां शेवटच्या रात्रीं दुसऱ्याच्या हातून काम उरकणारा?

तिसरा आक्षेप जरा निराळ्या दिशेनें येतो. कोणी म्हणतात, अनुक्रमणिका ही इंग्रजी पुस्तकांची नक्कल आहे; आमच्या जुन्या पोथ्यांस कोठें होती अनुक्रमणिका? असें बोलणाऱ्यांस परंपरेचा अभिमान आहे, पण परिचय नाहीं असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. ‘अनुक्रमणिका’ हा शब्दच मुळीं छापखान्याच्या शेंकडों वर्षें आधींचा आहे. कात्यायनाच्या ‘सर्वानुक्रमणी’मध्यें ऋग्वेदांतील प्रत्येक सूक्ताचें आद्य पद, ऋचांची संख्या, ऋषि, देवता व छंद यांची नोंद आहे. महाभारताच्या आदिपर्वांतील पहिलें उपपर्व अनुक्रमणिकापर्व व दुसरें पर्वसंग्रहपर्व; एवढा प्रचंड ग्रंथ सांगावयास बसलेल्यानें आधीं श्रोत्यांस वाट दाखविली आणि मग कथेस हात घातला. ज्यांच्या घरीं गुरुचरित्राचें पारायण होतें त्यांस अखेरचा अवतरणिकेचा अध्याय ठाऊक असेलच. सबंध ग्रंथांत कोणत्या अध्यायीं काय आलें हें तेथें ओवीबद्ध सांगितलें आहे. आणि समर्थांचा दासबोध पाहावा: वीस दशक, प्रत्येकीं दहा समास, असे नेमके दोनशें समास, आणि या ग्रंथांत काय काय आहे तें पहिल्याच समासांत सांगून टाकलेलें. मथळा आणि पोटमथळा यांची इतकी चोख व्यवस्था आजच्या किती प्रबंधांत सांपडेल? तेव्हां नक्कल कोणी कोणाची केली हा वाद बाजूस ठेवूं. वाडवडिलांनीं जें यंत्राशिवाय साधिलें तें आम्ही यंत्र हातीं असतांना बिघडवितों, एवढी लाज वाटली तरी पुरे.

चौथा आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणें घेतों, कारण त्यांत कांहीं काळ तथ्य होतें. ‘यंत्र मराठीस दाद देत नाहीं’ असें म्हणतात. ज्या काळीं मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेलीं असत, त्या काळीं हें म्हणणें खरें होतें. पडद्यावर ‘प्रकरण पहिलें’ असें दिसे, पण यंत्राच्या पोटांत रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी असे. अनुक्रमणिका करतांच ती नेहमींच्या रोमन वळणांत उतरे आणि खिचडी उघडी पडे. तेव्हां टंकलेखक हातानें यादी करी तर त्यास बोल लावणें अन्यायाचें होतें. परंतु देवनागरीस युनिकोडमध्यें आपली स्वतंत्र जागा मिळाली ती १९९१ सालीं, आणि विंडोज २००० पासून घरोघरींच्या यंत्रांवर ती लिपि वापरतां येऊं लागली. ‘अ’वर चंद्र असलेल्या अक्षरास स्वतंत्र संकेत नव्हता, तोहि २००८ सालीं मिळाला. म्हणजे ही सबब शिळी होऊन कितीतरी वर्षें लोटलीं. तरी अजून कित्येक दुकानांत जुन्या संकेतांचीच अक्षरें चालतात, कारण त्यांत हात बसला आहे. आणि गिऱ्हाईक होऊन आलेला विद्वान ‘युनिकोडांत करून द्या’ एवढे शब्दहि उच्चारीत नाहीं.

यंत्र करणाऱ्यांसहि आम्ही मोकळें सोडूं इच्छीत नाहीं. ‘वर्ड’मध्यें रोमन अक्षरांसाठीं एक आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ नांवाच्या वर्गासाठीं दुसरा, असा अक्षराच्या आकाराचा दुहेरी हिशेब असतो. देवनागरी या दुसऱ्या वर्गांत मोडते. हें ठाऊक नसलेला मनुष्य मथळ्याच्या स्टाईलींत पहिल्या हिशेबांत आकार बदलतो आणि मराठी मथळा जागचा हालत नाहीं म्हणून कपाळाला हात लावतो. तसेंच, अशा फाइलींच्या घडणीचें जें आंतरराष्ट्रीय प्रमाण २००८ सालीं मान्य झालें त्यांत पृष्ठांकांसाठीं ‘हिंदी अंक’ आहेत, ‘हिंदी मोजणी’ आहे, मराठीचें मात्र नांव नाहीं. अंक दोहोंचे एकच असल्यामुळें तेथें काम भागतें. परंतु आमच्या ग्रंथांत प्रस्तावनेच्या पानांस ‘एक, दोन, तीन’ असे अक्षरी आंकडे घालण्याची सुंदर चाल आहे. ती आपोआप साधण्याची सोय त्यांत नाहीं. ३ ऑक्टोबर १९२४ नव्हे, २०२४ रोजीं, म्हणजे अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वांटले गेले, सत्कार झाले. त्या दर्जाबरोबर ‘दोन’ आणि ‘तीन’ मोजण्याचा अधिकारहि मागून घ्यावा असें एकाहि संस्थेस कां सुचूं नये? परंतु ज्यांनीं सोय वापरलीच नाहीं त्यांस तींतील उणीव कशी कळणार? उणीव वापरणाऱ्यास कळते, आणि मागणी त्यानेंच करावयाची असते.

पांचवा आक्षेप सर्वांत नवा व सर्वांत आकर्षक आहे. तरुण मंडळी म्हणतात, आतां ग्रंथ पडद्यावर वाचावयाचा. हवा तो शब्द टंकला कीं जागा सांपडते. मग अनुक्रमणिका हवीच कशाला? यास आमचें उत्तर असें कीं, शब्द शोधणाऱ्यास तोच शब्द सांपडतो जो त्यास आधींच ठाऊक असतो. जें ठाऊक नाहीं, पण ग्रंथांत आहे, तें अनुक्रमणिकाच दाखविते. शिवाय मराठींत हा शोध वाटतो तितका सरळ नाहीं. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वींचे ग्रंथ ‘नांव’ लिहितात, नंतरचे ‘नाव’. आमच्यासारखे जुन्या वळणास चिकटून राहिलेले लोक अजूनहि पहिल्याच पंथाचे. एक लिहून शोधल्यास दुसरें सांपडेलच असा भरंवसा नाहीं. ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्धा र तर दोन निराळ्या संकेतांनीं लिहितां येतो; डोळ्यांस भेद दिसत नाहीं, पण शोधणारें यंत्र एकास घेऊन दुसऱ्यास टाकूं शकतें. आणि ज्या ग्रंथाचीं पानें केवळ छायाचित्रें म्हणून चढविलेलीं असतात, त्यांत तर शोधावयास अक्षरच नसतें.

येथें आम्ही त्या मुद्द्याशीं येतों ज्याच्यासाठीं हा सारा लेखनप्रपंच केला. अनुक्रमणिका आतां केवळ कागदावरची यादी राहिलेली नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या नियमांनीं प्रबंधाची संगणकीय प्रतहि सादर करणें बंधनकारक झालें, आणि गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारांत देशभरचे प्रबंध सर्वांस खुले झाले. पूर्वीं प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयांत एका फळीवर धूळ खात पडे, व तो वाचण्यास बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयापर्यंत यावें लागे; आतां गडहिंग्लजच्या शिक्षकासहि तसा प्रबंध घरीं बसून उघडतां येतो. मथळे विधिपूर्वक केलेले असतील आणि ते संगणकीय प्रतींत उतरविलेले असतील, तर पडद्याच्या कडेस त्यांची यादी उभी राहते आणि बोट लावतांच वाचक त्या ठिकाणीं पोंचतो. तसें नसेल, तर त्यास तीनशें पानें एकामागून एक सरकवावीं लागतात. बहुतेक वाचक तीस पानांतच थकतात. चार वर्षांचें संशोधन असें अपुऱ्या रात्रीच्या आळसापायीं न वाचलेलें राहतें.

आणि ज्या वाचकास डोळेच नाहींत त्याचें काय? अंध विद्यार्थी संगणकावरील मजकूर कानांनीं वाचतात; त्यासाठीं ‘एनव्हीडीए’सारख्या विनामूल्य प्रणाली आहेत. डोळस मनुष्य पान चाळतो, मोठें ठळक अक्षर पाहून थांबतो. अंध वाचकास पान चाळतां येत नाहीं. तो वेबपानावर अथवा नीट घडविलेल्या पुस्तकांत ‘एच’ ही एक कळ दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जातो. पण हें केव्हां? मथळा हा मथळा आहे असें लेखकानें यंत्रास सांगितलेलें असेल तेव्हांच. नुसतें ठळक केलेलें अक्षर त्या यंत्राच्या लेखीं इतर अक्षरांसारखेंच. अशा वाचकापुढें आमचे विद्वान जो प्रबंध ठेवतात त्यास ना दार ना खिडकी. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सलग ऐकत बसणें एवढाच मार्ग त्यास उरतो. सर्वांस विद्या खुली व्हावी म्हणून ज्या राजर्षींनीं या नगरांत एकामागून एक वसतिगृहें उभारलीं, त्यांचें नांव आम्ही प्रत्येक भाषणांत घेतों. त्याच नगरांत विद्येच्या दाराची कडी आंतून लावून घेणें आम्हांस शोभतें काय? ‘हेडिंग १’ म्हणावयास एक टिचकी पुरते. त्या टिचकीचा आळस म्हणजे एका मनुष्याचा मार्ग बंद करणें होय. आणि म्हणूनच हा विषय क्षुद्र नव्हे असें आम्हीं आरंभींच म्हटलें.

आतां उपायांविषयीं. दुकानांतील टंकलेखकास आम्ही दोष देत नाहीं. तो पानामागें ठरलेल्या पैशांवर काम करतो; त्यास कोणी शिकविलें नाहीं आणि नीट केलेल्या अनुक्रमणिकेचे चार पैसे अधिकहि कोणी दिले नाहींत. दोष आहे तो मार्गदर्शकांचा, विद्यापीठांचा व प्रकाशकांचा. मार्गदर्शकांनीं पहिलें प्रकरण तपासावयास घेतांनाच विद्यार्थ्याकडे यंत्रानें केलेली अनुक्रमणिका मागावी. ती पाहतांच विषयाचा सांगाडा सरळ आहे कीं वांकडा हें पांच मिनिटांत कळेल, आणि पुढील तीन वर्षांची पायपीट वांचेल. विद्यापीठांनीं मराठी प्रबंधासाठीं एक कोरा नमुना तयार करून द्यावा. त्यांत मथळ्यांच्या पायऱ्या, देवनागरी अंक, समास व टिंबांची सोय आधींच बसविलेली असावी, आणि संशोधन-पद्धतीच्या अभ्यासक्रमांत एक तास त्याच्या शिकवणीस द्यावा. हें काम एका जाणत्या मनुष्याचें एका आठवड्याचें आहे. त्यासाठीं समिति नेमण्याचें कारण नाहीं. प्रकाशकांनीं हस्तलिखित स्वीकारतांना मथळे विधिपूर्वक केले आहेत कीं नाहींत हें पाहावें. कारण तोच मजकूर पुढें ई-पुस्तक होतो, आणि तेथें वाट चुकलेला वाचक पुस्तकासाठीं दिलेले पैसे विसरत नाहीं. राहिले आमचे टीकाकार. त्यांनीं यापुढें ग्रंथाचें परीक्षण लिहितांना अनुक्रमणिकेंतील कोणतींहि तीन पृष्ठें उघडून पाहावीं. सांगितलेला मथळा तेथें नसेल तर परीक्षणांत तसें नांवानिशीं छापावें. एका वर्षांत सुधारणा न झाली तर आम्हांस विचारावें.

एवढेंहि करूनहि कोणी असें म्हणेल कीं, ग्रंथ चांगला असला म्हणजे झालें, वाचक आपली वाट आपण शोधील. यावर आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच: वाचकानें वाट शोधावी ही अपेक्षा करण्याचा अधिकार ज्यास स्वतःची वाट ठाऊक आहे त्यालाच आहे. आपल्या ग्रंथांत निष्कर्ष कोणत्या पृष्ठावर आहे हें ज्या ग्रंथकारास नीट सांगतां येत नाहीं, त्याच्या निष्कर्षावर वाचकानें विश्वास तरी कां ठेवावा?